शाळेची वर्गणी आणि हिशेबाचा दिवस

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेसाठी गावाने जमविलेली वर्गणी हा महाराष्ट्राच्या ग्रामीण सार्वजनिक जीवनातील एक मोठा व्यवहार होऊन बसला आहे. ज्या शाळांच्या भिंती ओल येऊन फुगलेल्या होत्या, ज्यांच्या पटांगणात गावची गुरे मोकळी हिंडत असत आणि ज्यांच्या दारातील हातपंप उन्हाळ्यात कोरडा पडला की मुलांना पाणी पिण्यासाठी घरी जावे लागे, अशा कितीतरी शाळांना आज कुंपण आहे, रंग आहे, पाण्याची टाकी आहे, धडे दाखविणारा मोठा पडदा आहे. आणि या सुधारणेचा बराच वाटा सरकारी तिजोरीतून नव्हे, तर गावकऱ्यांच्या खिशातून आलेला आहे. शासनाने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतल्यानंतर ‘डिजिटल शाळा’ हा शब्द वाडीवस्तीपर्यंत पोचला आणि त्याबरोबर लोकवर्गणी हा शब्दही शिक्षकांच्या नित्य बोलण्यात आला. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी वस्तीची शाळा राज्यभर नावाजली गेली. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीच्या ग्रामस्थांनी शाळेसाठी आपली जमीन दिली. या गावांचे आणि तेथील शिक्षकांचे जे कौतुक झाले ते सर्वथा उचित होते.

परंतु वर्गणी किती जमली याची वार्ता जितक्या आवडीने छापली व वाचली जाते, तितक्या आवडीने ती कोणाच्या संमतीने खर्च झाली आणि तिचा हिशेब कोणासमोर, कोणत्या दिवशी वाचण्यात आला, याची चौकशी कोणी करीत नाही. माझे प्रतिपादन असे आहे की, शाळेच्या पैशाचा हिशेब विचारण्याचा अधिकार हा वर्गणी दिल्यामुळे प्राप्त होत नाही. आपले मूल त्या शाळेत शिकते या एकाच गोष्टीमुळे तो प्राप्त होतो. आणि ज्या पालकाने एक रुपयाही दिलेला नाही त्यालाही हा अधिकार इतरांच्या बरोबरीने व इतरांच्या समक्ष बजावता येईल अशी व्यवस्था झाल्याखेरीज लोकवर्गणीच्या या चळवळीला नैतिक अधिष्ठान लाभणार नाही.

कायद्याची भूमिका या बाबतीत निःसंदिग्ध आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी, तिच्यातील तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात स्थान मिळावे, असे ठरवून दिले. समितीची कामेही सांगितली: शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून वा अन्य कोणाकडून मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे. या योजनेत देणगीदाराला म्हणून कोठेही आसन ठेवलेले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याने शाळेला पाच खोल्या बांधून दिल्या तो, त्याचे मूल त्या शाळेत नसेल तर, पालक-सदस्य होऊ शकत नाही. आणि जिच्या घरात उद्याच्या पिठाची भ्रांत आहे ती विधवा माता, तिची मुलगी दुसरीत शिकत असेल तर, समितीची अध्यक्षाही होऊ शकते. याच अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण करण्याच्या आड येईल असे कोणतेही शुल्क, आकार वा खर्च मुलाकडून घेता येत नाही. म्हणून वर्गणी ही सदैव ऐच्छिकच असली पाहिजे. ती दिली नाही म्हणून तगादा लावणे, मुलाला वर्गात उभे करणे किंवा दाखला अडवून धरणे हे केवळ अशोभनीय नव्हे, बेकायदेशीर आहे.

सरकार स्वतः काय देते, तेही पाहिले पाहिजे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेला संयुक्त अनुदान देण्याची तरतूद आहे. पटावर तीसपर्यंत मुले असतील तर वर्षाला १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,००० रुपये, अडीचशेपर्यंत ५०,००० रुपये, असे त्याचे प्रमाण आहे. आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करावयाचा आहे. खडू, नोंदवह्या, वीजबिल, नळाची दुरुस्ती, फुटलेली कौले, शौचालयाची सफाई, फळ्याचा रंग हे सर्व याच रकमेत बसवावयाचे. डोंगरातल्या लहान वाडीवरील द्विशिक्षकी शाळेच्या वाट्याला या हिशेबाने महिन्याला साडेआठशे रुपयेही येत नाहीत. त्यातही अनुदान पुष्कळदा हप्त्यांनी येते, आर्थिक वर्ष सरत आल्यावर येते, आणि मार्चअखेर खर्च न झाल्यास परत जाण्याची भीती घेऊन येते. जूनमध्ये गळणारे छप्पर मार्चच्या पैशाने दुरुस्त होत नाही. ते मुख्याध्यापकाच्या पगारातून किंवा गावाच्या वर्गणीतून दुरुस्त होते. लोकवर्गणीचा उगम असा गरजेतून झालेला आहे, हौसेतून नव्हे, हे तिच्यावर टीका करणाऱ्यांनी विसरू नये.

ही वर्गणी जमते कशी, याचे वर्णन कोणत्याही शासकीय परिपत्रकात सापडणार नाही. तिचा सर्वांत मोठा दिवस म्हणजे वार्षिक स्नेहसंमेलनाचा, ज्याला खेड्यात सर्रास गॅदरिंग म्हणतात. मंडप घातलेला असतो, ध्वनिवर्धक लावलेला असतो, पहिलीतल्या मुली कोळीगीतावर नाचत असतात. आणि नाच रंगात आला की कोणाचा मामा, कोणाचा चुलता, कोणी गावाहून मुद्दाम आलेला आजोबा व्यासपीठाशी जाऊन पन्नासाची, शंभराची नोट गुरुजींच्या हाती ठेवतो, गुरुजी त्याचे नाव व रक्कम पुकारतात आणि दुसरे गुरुजी ते वहीत टिपून घेतात. रात्री अकरा-बारा वाजेपर्यंत चाललेल्या या बक्षिसांच्या वर्षावातून शाळेच्या खाती चांगली रक्कम पडते. यात्रेच्या जमाखर्चातून उरलेली शिल्लक, गणेश मंडळाने आवरता घेतलेला खर्च, मुंबई-पुण्याला नोकरीत स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी पाठविलेले पैसे, निवृत्तीच्या दिवशी एखाद्या शिक्षिकेने दिलेली देणगी, ही इतर साधने. रोख रकमेहून मौल्यवान असे कित्येक वाटे तर वहीत येतच नाहीत: कोणी ट्रॅक्टरने मुरूम आणून टाकतो, कोणी विहिरीवरून नळ जोडून देतो, गवंडी चार दिवसांची मजुरी सोडतो, बचत गटाच्या स्त्रिया रविवारी येऊन पटांगण शेणाने सारवून देतात. हे श्रमदानही जमेच्या बाजूला, आज त्याची जी बाजारभावाने किंमत होईल ती मांडून, नावानिशी नोंदविले जावे असे मला फार वाटते. कारण ज्यांच्याजवळ नोट नाही त्यांच्याजवळ हात आहेत, आणि हिशेबाच्या वहीत हातांना जागा नसेल तर ती वही गावाची खरी वही नव्हे.

लोकांनी शाळेसाठी पैसा उभारण्याची ही परंपरा आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यात दोन भिन्न प्रवाह दिसतात. एक प्रवाह स्वेच्छेचा. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने मोडले; गोव्यात, परक्या राजवटीच्या काळी, घरोघरच्या मूठमूठ तांदळावर उभ्या राहिलेल्या पणजीच्या शिक्षणसंस्थेने मुष्टिफंड हेच नाव धारण केले. शाळेबाहेरही याच रीतीने अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला. त्यातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना निघाला. त्या फंडाची रचना मला आजच्या शाळांच्या संदर्भात फार उद्बोधक वाटते, कारण सर्वांचा वाटा सारखाच लहान ठेवल्यामुळे कोणालाही आपल्या रकमेच्या जोरावर वरचढपणा सांगता येत नव्हता.

दुसरा प्रवाह सक्तीच्या वसुलीचा, आणि त्याची आठवण अधिक कटू आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८६० नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा याप्रमाणे लोकलफंडाची पट्टी बसविण्यात आली आणि तिचा एक-तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. ही पट्टी कुणब्याने भरली, माळ्याने भरली, धनगराने भरली. त्यांच्या मुलांच्या वाट्याला मात्र शाळा आली नाही, किंवा आली ती नावापुरती आली. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी हाच प्रश्न उपस्थित केला: सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हा अन्याय आहे. शाळेचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, ही दोन टोके एकाच कागदावर जोडून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला फुल्यांनी दिली. आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक सभेत तीच दृष्टी ठेवून वही उघडली पाहिजे.

आजही जो पालक शाळेला वर्गणी देत नाही तो शाळेसाठी काहीच देत नाही, हा समज चुकीचा आहे. केंद्राच्या आयकरावर शिक्षणाच्या नावाने उपकर आहे. महाराष्ट्रात १९६२ पासून शिक्षण उपकराचा कायदा आहे आणि शहरातील घरपट्टीबरोबर तो वसूल होतो, म्हणजे अखेरीस भाडेकऱ्याच्याही भाड्यात उतरतो. आणि काडेपेटीपासून चपलेपर्यंत जी जी वस्तू शेतमजूर विकत घेतो तिच्यावरचा कर तो भरतोच. त्याने आधीच दिलेले आहे. म्हणून शाळेच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांची नावे रकमेसह रंगविण्याची जी प्रथा बोकाळली आहे, ती मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. देवळाच्या पायरीवर नाव कोरले तर त्याने कोणाचे बिघडत नाही, परंतु शाळेच्या भिंतीवरील अक्षरे मुले वाचावयास शिकतात. अनेकदा ती त्यांनी आपल्या आपण वाचलेली पहिली अक्षरे असतात. त्या यादीत ज्याच्या वडिलांचे नाव सर्वांत वर आहे आणि ज्याच्या वडिलांचे नाव कोठेच नाही, अशी दोन मुले त्या भिंतीखाली एकाच रांगेत बसून खिचडी खातात. त्यांच्यात जी समता निर्माण करण्यासाठी ही शाळा उभी आहे तिला त्या यादीने रोज तडा जातो. भिंतीवर लिहावयाचेच असेल तर वर्षाची एकूण जमा, एकूण खर्च आणि शिल्लक लिहावी. नावे पावतीपुस्तकात असावीत आणि ती मागेल त्याला पाहावयास मिळावीत.

आता खर्चाकडे वळू. वर्गणीचा पैसा एकदाच घ्यावयाच्या व डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंकडे धाव घेतो, हा तिचा स्वभावदोष आहे. रंगरंगोटी, प्रवेशद्वाराची कमान, बोलक्या भिंती, पडदा, संगणक यांना देणगीदार मिळतो, कारण त्यांचे उद्घाटन करता येते, छायाचित्र काढता येते. शौचालय रोज धुणाऱ्या बाईचे मानधन, फिनेल, बिघडलेल्या बॅटरीची जागा घेणारी नवी बॅटरी, फाटलेल्या पुस्तकांची बांधणी, दरमहा येणारे वीजबिल, यांना देणगीदार मिळत नाही. परिणामी असे घडते की, हजारो रुपयांचा पडदा भिंतीवर असतो आणि थकलेल्या बिलापायी वीजजोडणी तोडलेली असते. दोन नव्या स्वच्छतागृहांना कुलूप असते कारण ती साफ कोण करणार याचा ठराव झालेला नसतो, आणि पाचवीतल्या मुली दुपारच्या सुटीत घरी जातात त्या परत येत नाहीत. कोणतीही टिकाऊ वस्तू विकत घेण्याचा ठराव मांडताना तिच्या पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च त्याच ठरावात लिहिला जावा आणि तो कोठून येणार हे सांगता न आल्यास ठराव तहकूब व्हावा, एवढा साधा नियम समित्यांनी स्वतःला घालून घेतला तर शाळांमधील पुष्कळ अडगळ वाचेल.

याहून गंभीर प्रश्न शिक्षकाच्या मानधनाचा आहे. जागा रिक्त आहे, बदली होऊन गेलेल्या गुरुजींच्या जागी कोणी आले नाही, चार इयत्ता एका शिक्षकावर आहेत. अशा वेळी गाव सभा भरवते, घरटी वर्गणी ठरविते आणि डी.एड. झालेल्या गावातल्याच एखाद्या तरुणीला महिना काही हजार रुपये देऊन वर्ग सांभाळावयास सांगते. मुलांचे वर्ष वाया जाऊ नये ही त्या पालकांची तळमळ आहे आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाही बाहेरच्याला नाही. पण शिक्षक देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या २६ व्या कलमाने रिक्त पदांची संख्या मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक होऊ देऊ नये असे बंधन नियुक्ती-प्राधिकरणावर घातले आहे. जे गाव वर्गणीने शिक्षक ठेवते त्या गावाची तक्रार हळूहळू मंद होते, दप्तरी ते पद रिक्तच राहते आणि जे शेजारचे पाडे वर्गणी जमवू शकत नाहीत त्यांच्या बाजूने बोलणारे कोणी उरत नाही. म्हणून असे मानधन देण्याचा ठराव आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पद भरण्याची लेखी मागणी, ही दोन्ही एकाच सभेत, एकाच इतिवृत्तात झाली पाहिजेत. आणि ती मागणी पद भरेपर्यंत दर महिन्याच्या सभेत पुनरुक्त झाली पाहिजे. समितीची सभा महिन्यातून एकदा घ्यावयाची असते, ती याच कामांसाठी.

शाळा नावारूपाला आली की आणखी एक मोह उत्पन्न होतो. आसपासच्या गावांतून, तालुक्याच्या ठिकाणाहून मुलांना तेथे घालण्यासाठी रीघ लागते आणि ऐच्छिक देणगी व प्रवेश यांची अदृश्य गाठ पडू लागते. अधिनियमाच्या १३ व्या कलमाने प्रवेशासाठी देणगी घेण्यास मनाई केली आहे आणि घेतलेल्या रकमेच्या दसपटीपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. प्रवेशाच्या महिन्यांत नव्या पालकांकडून कोणतीही वर्गणी स्वीकारावयाची नाही, हा उपाय पुरेसा आहे. त्याची अधिक चर्चा नको.

ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हा लेख लिहीत आहे ती गोष्ट कालगणनेची आहे. केंद्राने या अधिनियमाखाली प्रसृत केलेल्या आदर्श नियमावलीत शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने तयार असावा असे म्हटले आहे. म्हणजे आराखडा डिसेंबरात व्हावा. अनुदानाचा खर्च, वर सांगितल्याप्रमाणे, बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. स्नेहसंमेलन आणि त्यातली वर्गणी जानेवारीच्या आसपास जमते. आता बीड जिल्ह्यातील किंवा त्याला लागून असलेल्या तालुक्यांतील एखादे गाव डोळ्यांसमोर आणावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये संसार घालून पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, ती मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. काही गावांत निम्म्याहून अधिक घरांना कुलूप असते. ज्या सहा महिन्यांत शाळेचा आराखडा होतो, पैसा जमतो आणि पैसा खर्च होतो, नेमक्या त्याच सहा महिन्यांत शाळेतील सर्वांत गरीब मुलांचे आईबाप गावात नसतात.

त्यांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना केली, आणि ती वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालविण्याची पद्धत पाडली. हेतू उत्तम होता. पण त्याचा अर्थ असा झाला की, मागे राहिलेल्या मुलांच्या भाकरीसाठी, तेला-साबणासाठी आलेला पैसा जी समिती खर्च करते, तिच्यात त्या मुलांच्या पालकांचे प्रतिनिधित्व केवळ कागदावर असते. समितीतील ऊसतोड मजूर मातेचे नाव यादीत असते, तिची सही किंवा अंगठा, वही घरी पाठवून, दिवाळीपूर्वीच घेऊन ठेवल्याच्या तक्रारी ऐकू येतात. आणि सभेची तारीख मात्र पौष-माघातली असते. जी आई त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात मोळ्या बांधीत होती तिच्या संमतीने खर्च झाला असे दप्तर सांगते. कायद्याने प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची जी हमी दिली ती पंचांगाने अशी निष्फळ केली, आणि यात कोणा एकाची दुष्ट बुद्धीच असली पाहिजे असे नव्हे. आर्थिक वर्ष दिल्लीत ठरते आणि गळीत हंगाम पावसावर ठरतो, या दोहोंची सांगड घालण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही, इतकेच.

सांगड घालणे अवघड नाही. आषाढी एकादशीपासून पोळ्यापर्यंत ही माणसे गावात असतात. त्याच काळात १५ ऑगस्ट येतो. त्या सकाळी झेंडावंदनासाठी गाव आपोआप शाळेत जमते, मुलांबरोबर आयाही येतात. झेंडावंदन आटोपल्यावर, ग्रामसभेची गर्दी व तिचे राजकारण सुरू होण्यापूर्वी, पालकांपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च मोठ्याने वाचला जावा. नुसते आकडे वाचून भागणार नाही. कीर्दीतील प्रत्येक मोठ्या रकमेपुढे पावती दाखवावी, दरपत्रके कोणाकोणाची आली व त्यातले कोणते का स्वीकारले हे सांगावे, आणि विकत घेतलेली वस्तू शक्य तेथे समोर आणून ठेवावी. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना वस्तू पाहता येते, तिचा भाव समजतो आणि तो भाव बाजारात काय आहे हे त्यांना शिकलेल्यांहून पुष्कळदा अधिक चांगले ठाऊक असते. हंगामी वसतिगृहाचा हिशेब स्वतंत्र वाचावा आणि त्या वेळी त्यात राहिलेल्या मुलांनाही समोर बसवावे. भाकरी किती मिळत होती हे त्यांच्याइतके कोणाला माहीत असणार? पुढच्या वर्षाच्या आराखड्याच्या मुख्य बाबी याच दिवशी ठरवाव्यात. डिसेंबरात त्यांना केवळ शासकीय नमुन्यात बसवावे.

शहरांतील खासगी शाळांच्या पालकांनाही यातून काही घेता येईल, तसे त्यांच्याकडूनही घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११, ज्याची अंमलबजावणी २०१४ पासून सुरू झाली, त्याने अशा शाळांत पालक-शिक्षक संघ अनिवार्य केला; वार्षिक वर्गणी शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात २० रुपये इतकीच ठेवली; आणि कार्यकारी समितीवर कोणते पालक असावेत हे इच्छुकांच्या चिठ्ठ्या टाकून ठरवावे असे सांगितले. चिठ्ठीची ही पद्धत मला फार न्याय्य वाटते. निवडणुकीत किंवा एकमताच्या नावाखाली जे पाच-सहा वजनदार पालक दरवर्षी पुढे येतात त्यांना चिठ्ठी ओळखत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतील समित्या पालकसभेतून निवडावयाच्या असतात आणि अलीकडे अध्यक्षपदासाठी गावातले राजकीय गट उघडपणे झुंजू लागले आहेत. तेथे निदान खरेदी तपासणाऱ्या दोन-तीन पालकांची निवड तरी चिठ्ठीने करावयास प्रत्यवाय नसावा. उलट, शहरांतील संघांनी आनंदमेळ्यातून व सोडतीतून जमविलेल्या पैशाचा तपशील भ्रमणध्वनीच्या समूहांवर जाहीर करताना कोणी किती दिले आणि कोणाचे यावयाचे बाकी आहे याच्या याद्या फिरविण्याचे तत्काळ थांबवावे. पन्नास रुपयांपलीकडे कायद्याने काहीही मागितलेले नाही, तेव्हा ‘बाकी’ हा शब्दच त्या यादीत अप्रस्तुत आहे.

मुख्याध्यापकांची बाजू मी जाणतो. द्विशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक शिकवतो, पोषण आहाराचा साठा मोजतो, माहितीचे तक्ते भरतो, मतदारयाद्यांचे काम करतो. त्याच्यावर आणखी एका जाहीर हिशेबाचे ओझे का, असे तो म्हणेल आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. परंतु जाहीर हिशेब हेच त्याचे संरक्षण आहे. वर्गणी गोळा करणाऱ्या प्रामाणिक शिक्षकांवर जेव्हा जेव्हा किटाळ येते, तेव्हा चौकशी अधिकारी विचारतो ते ठराव आणि पावत्या यांबद्दलच. आणि ज्याने शेकडो पालकांच्या समक्ष पै न् पै वाचून दाखविली आहे त्याच्यावर बालंट घेणे सोपे नसते. वाचनासाठी लागणारा ताळेबंद एका पानाचा असतो. तो लिहून देण्याचे काम ग्रामपंचायतीच्या कारकुनाने, किंवा गावातल्या वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या एखाद्या मुलीने, वर्षातून एकदा करावे; आणि त्यावर अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या सह्यांच्या जोडीने अशा दोन मातांच्या सह्या घ्याव्यात ज्यांनी स्वतः काही वर्गणी दिलेली नाही.

त्या सकाळी पुढील वर्षाच्या आराखड्याची पहिली बाब कोणती असावी, हे ज्यांना दसऱ्यानंतर गाव सोडावयाचे आहे त्या पालकांना सर्वांत आधी विचारावे. त्यांचे उत्तर बहुधा रंगाचे किंवा पडद्याचे नसेल. ते रात्री वसतिगृहात मुलींजवळ कोण झोपणार याचे, शौचालयाच्या दाराला आतून कडी आहे की नाही याचे, आणि मूल आजारी पडले तर फडावर निरोप कोण धाडणार याचे असेल. ते त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तात उतरवून घ्यावे, त्याच्यासमोर रक्कम मांडावी आणि मगच पुढची बाब हाती घ्यावी.